आधी रावेरचे फोटो, मग मुंबईचे फोन

पत्र : मी रावेर तालुक्यातली. जळगावला फोटोग्राफीच्या कोर्सचं शेवटचं वर्ष चालू आहे. वडील केळी उत्पादक. वर्गातल्या बहुतेकांची इन्स्टाग्रामवर स्वतःच्या नावाची पेजेस आहेत. माझंही आहे, त्यावर लग्न, पक्षी, सूर्यास्त, मैत्रिणींचे पोर्ट्रेट असं सगळं टाकते, पण कामासाठी कुणी विचारत नाही. सर म्हणतात, या धंद्यात ओळखी लागतात. मुंबई-पुण्यात माझ्या ओळखीचं एकही माणूस नाही. इथले स्टुडिओवाले मुलगी म्हणून रात्रीच्या ऑर्डरला नेत नाहीत. जे बोलावतात ते ‘तुझं नाव होईल’ म्हणत फुकट काम मागतात. पुण्याला निघून जाऊ का? वडील विचारतात, यात पोट भरेल का? त्यांना काय सांगू?
— एक विद्यार्थिनी

प्रिय लेकी,

‘वडील केळी उत्पादक’ हे तू पत्रात जाता जाता लिहिलंस आणि पुढे निघून गेलीस. मी मात्र तिथेच थांबले. तुझ्या सगळ्या प्रश्नांची सुरुवात त्या दोन-तीन शब्दांपासून करावी असं मला वाटतं.

केळीचे फोटो म्हणून लोकांना काय दिसतं बघ. मे-जूनच्या वादळात आडव्या झालेल्या बागा, पाहणीला आलेले पुढारी, नाहीतर खताच्या कंपनीच्या कॅलेंडरवरचा चकचकीत घड. मधलं अख्खं वर्ष फोटोत फारसं येतच नाही. मृगबागेची म्हणजे जून-जुलैतली लागवड आणि कांदेबागेची म्हणजे पावसाळ्यानंतरची लागवड यांतला उजेडसुद्धा वेगळा असतो, हे तुला सांगायला नको. उन्हाळ्यात झळ अडवायला बागेभोवती लावलेली शेवरी किंवा गजराज गवत, नुकती निसवलेली म्हणजे केळफूल बाहेर पडलेली बाग, घडावर पिशवी चढवणारी बाई, कापणीच्या दिवशी खांद्यावर घड घेऊन चिखलातून येणारे मजूर, चिकाने काळे पडलेले त्यांचे सदरे, पॅकहाऊसमध्ये फण्या धुऊन खोक्यात भरणाऱ्या बायका, आणि संध्याकाळी मोबाइलवर रावेरचा भाव बऱ्हाणपूरच्या भावाशी ताडून बघणारे तुझे वडील. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माल आखातात जातो, पण ती पिकवणाऱ्या माणसांचं एक वर्ष नीट मांडलेलं मला हवं तेव्हा सापडत नाही. तुझ्या दारातून ते सुरू होतं. पुण्याहून आलेल्या फोटोग्राफरला बागेत शिरायलाच कुणाची तरी परवानगी लागेल. तुला लोक ‘अमक्याची पोरगी’ म्हणून चहा देतील.

एक वर्ष हा विषय धरून ठेव. रोज नको, पण महिन्यातून ठरवून काही दिवस त्याला दे. प्रत्येक फोटोखाली लिहून ठेव : गाव, तारीख, नवी लागवड की पीलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांवर घेतलेलं पीक), माणसाचं नाव, तो काय करतोय. हा मजकूर फोटो काढल्याच्या रात्रीच लिही. महिन्याभराने ‘शेतात काम करताना एक महिला’ एवढंच उरतं, आणि अशा ओळीला कुठलाही संपादक विचारत नाही. लाइटरूममध्ये किंवा फोटो एडिट करायला तू जे वापरतेस त्यात, फाइलच्या माहितीत तुझं नाव, फोन आणि हा मजकूर भरायची सवय आत्ताच लाव. फोटो हातोहात फिरतो तेव्हा ती माहिती त्याच्याबरोबर जाऊ शकते. व्हॉट्सअॅपवर मात्र ती बहुतेक गळून पडते, म्हणून कामाचे फोटो ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठव.

आता पुण्याला जायचं का, याबद्दल. तू चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहिलंस का? नसेल तर या महिन्यात जाऊन ये, स्टेशनपासून लांब नाही. १९१२ ते १९८९ असं त्यांचं आयुष्य. परदेशात कला शिकून हा माणूस चाळीसगावला परतला आणि आयुष्याचा फार मोठा भाग त्याच घरात राहिला. टेबलावर छोट्या वस्तू, कापूस, खडे, काड्या मांडून, उजेड हवा तसा वळवून त्यांनी असे देखावे उभे केले की पाहणाऱ्याला खरा बर्फ आणि खरी झाडं वाटावीत. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव देशाबाहेर पोचलं, कारण प्रिंट पेटीत पडून राहिल्या नाहीत, स्पर्धांना आणि प्रदर्शनांना जात राहिल्या. त्यांचा एकांत घेऊ नकोस, तो त्यांचा होता. काम पुरं करून ते बाहेर पाठवण्याची शिस्त घे. खानदेशात बसून ती पाळता येते, हे आपल्याच मातीत घडलेलं आहे.

आणि टेबलटॉप म्हणजे जुनी कला असं समजू नकोस. जळगावचा सराफ बाजार तुझ्या कॉलेजपासून किती लांब आहे? सोन्याचा फोटो काढणं अतिशय अवघड : चकाकी सांभाळायची, खड्याचा रंग खरा यायला हवा, काळ्या मखमलीवर धूळ दिसता कामा नये, दागिन्यात स्वतःच्या कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडता कामा नये. बरेचसे लहान दुकानदार मोबाइलवर ट्यूबलाइटखाली फोटो काढून स्टेटसला टाकतात आणि पिवळं सोनं हिरवट दिसतं. दोन छोटे एलईडी, थर्माकोलचे पांढरे तुकडे, बटर पेपर आणि एक मॅक्रो लेन्स यांवर तू याहून किती तरी चांगलं काम करू शकतेस. आईची पोत आणि मावशीच्या पाटल्या घेऊन घरीच सराव कर. मग पाच उत्तम फोटो प्रिंट करून दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक कमी असताना, दुकानात जा. हे काम दिवसा होतं, दुकानात होतं, रात्रीच्या प्रवासाचा प्रश्नच येत नाही. डाळ मिल, चटई, पाइप, ठिबक, पापड-लोणच्याचे बचत गट, सगळ्यांनाच आता ऑनलाइन विकायला नीट फोटो लागतात.

म्हणजे तुझी ओळख दोन पायांवर उभी राहील. एक, केळीचं दीर्घ काम, ज्याने तू कोण आहेस ते कळतं. दुसरं, वस्तूंचं काम, ज्याने महिन्याचा खर्च निघतो. पेजवरचे पक्षी आणि सूर्यास्त काढून टाक. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. सराफाने पेज उघडलं तर त्याला पहिल्या नऊ चौकटींत कळलं पाहिजे की ही मुलगी दागिन्यांचे फोटो काढते, आणि संपादकाने उघडलं तर त्याला शेतीवरचं काम सापडलं पाहिजे. दोन वेगळी पानं ठेवलीस तरी चालेल. स्वतःच्या नावाचा डोमेन घे, त्यावर साधी वेबसाइट कर : केळीचे पंधरा ते वीस फोटो, वस्तूंचे तेवढेच, चार ओळींची माहिती, फोन, ईमेल. पंधरा चांगल्यांत पाच मध्यम मिसळले की पाहणारा मध्यमच लक्षात ठेवतो. निवड एकटीने करू नकोस. छोट्या प्रिंट काढून घरी सतरंजीवर पसर, आईला आणि वर्गातल्या एका कडक मैत्रिणीला बोलाव, आणि प्रत्येकीला दहा फोटो बाहेर काढायला सांग. दोघींनीही काढला तो गेला.

लग्नाच्या ऑर्डरबद्दल तू दुखावून लिहिलं आहेस, आणि ते दुखणं रास्त आहे. सेकंड शूटर म्हणून मुलाला नेतात, तुला अल्बम डिझाइनला बसवतात. स्टुडिओवाल्याशी भांडण्याऐवजी त्याला जे जमत नाही ते तू दाखव. हळदीला, बांगड्या भरताना, नवरीची तयारी चालू असताना पुरुष फोटोग्राफर दारात अवघडून उभा असतो आणि बायका पदर सावरत बसतात. तिथे तू असलीस तर घर मोकळं होतं. ‘दिवसाचे विधी मी करते, रात्रीची वरात तुमचा माणूस करेल’ असा स्पष्ट प्रस्ताव घेऊन जा. रात्र झालीच तर जाण्या-येण्याची गाडी कुणाची, मुक्काम कुठे, बरोबर दुसरी बाई कोण, हे आधी ठरवायचं आणि घरी लेखी ठेवायचं. हे विचारल्यावर जो कपाळाला आठ्या घालेल त्याची ऑर्डर सोडून दे.

याच कारणाने आपल्या खानदेशातला कानबाईचा उत्सव आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गौराई तुझ्या हातची आहे. कानबाईला श्रावणात भावकीतली सगळी घरं एकत्र येतात, रोट होतात, रात्र जागवली जाते, आणि आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात. आतल्या खोलीत, बायकांच्या घोळक्यात बसून केलेलं काम फार थोडं आहे. केळी झाली की पुढचा विषय हाच घे, असं मला मनापासून वाटतं.

होळीला नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावी, आदिवासींच्या होळीला, जावं का, असं अनेक विद्यार्थी विचारतात, तूही विचारशील. जा, पण लेन्सची रांग असते तिथे एका रात्रीपुरती जाऊन उभी राहू नकोस. मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या आणि बावा हे व्रत पाळणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी तो धर्म आहे. ओळखीच्या शिक्षकाबरोबर किंवा आरोग्यसेविकेबरोबर आधी एखाद्या पाड्यावर जाऊन ये, विचारून फोटो काढ, नको म्हटलं तर कॅमेरा खाली घे, आणि काढलेल्या फोटोची प्रिंट त्या घरी पोचव. प्रिंट पोचवणारा फोटोग्राफर पुढच्या वर्षी ओळखला जातो. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही, हे कायम.

आता ओळखी. सरांचं म्हणणं खरं आहे, पण ते अर्धं आहे. मोठ्या फोटोग्राफरबरोबर सेल्फी असणं, पाचशे जणांना फॉलो करणं यांतून काम येत नाही. ज्याने तुझे फोटो एकदा वापरले आणि ज्याला ते वेळेवर मिळाले, असा माणूस म्हणजे ओळख. असे सात-आठ जण जळगाव जिल्ह्यातच मिळवता येतात. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, तुझ्या तालुक्यात पालला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना पुस्तिकेसाठी, सादरीकरणासाठी रोगाचे, वाढीच्या टप्प्यांचे स्पष्ट फोटो लागतात. शेतकरी कंपन्या आणि निर्यातदारांना गिऱ्हाइकाला दाखवायला पॅकहाऊसचे फोटो लागतात. दैनिकांच्या जळगाव आवृत्त्यांना तालुक्यातून चांगला फोटो हवाच असतो. तिथे मानधन कमी असेल किंवा नसेलही, पण खाली ‘छाया :’ म्हणून तुझं नाव यायलाच हवं, हे पाठवतानाच लिही. पुढे ग्रामीण भारताचं दस्तऐवजीकरण करणारी पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया आहे. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये ती सुरू केली, तिथे मराठीतही मजकूर येतो आणि विद्यार्थ्यांचं कामही घेतलं जातं. तुझं केळीचं वर्ष तिथे शोभेल. चेन्नईचं फोटो बिएनाले, हैदराबादचं इंडियन फोटोग्राफी फेस्टिव्हल, यांच्या घोषणांवर लक्ष ठेव. अशा ठिकाणी संपादक आणि क्युरेटर समोर बसून पोर्टफोलिओ पाहतात, तेव्हा तू पंधरा प्रिंट घेऊन गेलेली असावीस.

जिल्ह्यातल्या फोटोग्राफर असोसिएशनला टाळू नकोस. १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, ठिकठिकाणी फोटोग्राफर एकत्र जमतात, कॅमेरापूजन होतं. जाऊन बस. कुणाचा फ्लॅश भाड्याने मिळतो, कोणती लॅब रंग नीट देते, कोण पैसे बुडवतो, हे तिथे चहाच्या वेळी कळतं. अनोळखी शहरात हे शिकायला तुला वर्ष लागेल.

अनोळखी माणसाला लिहायचं कसं, यावर तरुण मुलं फार अडतात. लांबलचक स्वप्नं लिहितात, नाहीतर नुसती लिंक पाठवतात. असं काहीतरी लिही : ‘नमस्कार सर, मी रावेर तालुक्यातली, जळगावला फोटोग्राफी शिकते. गेले सहा महिने केळीच्या काढणीवर काम करते आहे, त्यातले आठ फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या पुरवणीत शेतीवर चित्रकथा येतात. हा विषय त्यात बसेल का, आणि बसत नसेल तर काय कमी आहे, एवढं कळवलंत तर उपकार होतील.’ बस. एक प्रश्न, आठ फोटो, खाली नाव आणि नंबर. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा नम्र आठवण कर, मग सोडून दे आणि दोन-तीन महिन्यांनी नव्या कामासकट पुन्हा लिही. कुणी वेळ काढून टीका केलीच, तर वाद न घालता सुधारलेला क्रम परत पाठव. माझ्या पाहण्यात जी मुलं पुढे गेली त्यांच्यात हा गुण हमखास होता. कुणाला लिहिलं, काय उत्तर आलं, याची एक वही ठेव.

‘नाव होईल’ म्हणून फुकट मागणाऱ्यांबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. मंडपवाला फुकट येत नाही, आचारी येत नाही, मग ज्याच्याकडून त्या दिवसाची एकमेव आठवण राहणार आहे त्याने का यावं? फुकट काम तू स्वतः ठरवून कर : गावच्या शाळेसाठी, बचत गटासाठी, जिथे तुला शिकायला मिळतं तिथे. बाकी सगळीकडे दर सांग. दर काढताना फक्त शूटिंगचे तास धरू नकोस. निवड आणि एडिटिंगचे दिवस, प्रवास, भाड्याची लेन्स, कॅमेऱ्याची झीज, हार्ड डिस्क, सगळं मांड. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली फाइल देताना.

आणि दोन ओळींचा का होईना, लेखी करार कर. यामागचं कारण फार जणांना माहीत नसतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारी व्यक्तीच त्याची कर्ती मानली जाते. पण कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे सराफासाठी काढलेला फोटो तू तुझ्या वेबसाइटवर टाकू शकतेस की नाही, हे करारावर ठरतं. तेव्हा लिहून घे : ‘फोटो दुकानाच्या जाहिरातीसाठी वापरता येतील, कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, छायाचित्रकाराला पोर्टफोलिओत दाखवता येतील.’ कॉपीराइट सोडायला गिऱ्हाईक तयार नसेल तर निदान पोर्टफोलिओचा हक्क तरी लेखी राहू दे. ‘हा फोटो माझा आहे’ म्हणण्याचा हक्क तर कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी तुझ्याकडेच राहतो. त्या हक्कावर कुणाला उपकार करू देऊ नकोस. उद्यम नोंदणीही, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करून टाक, ऑनलाइन आहे, फी नाही. पुढे एखाद्या कंपनीने बिल रखडवलं तर लघुउद्योगाच्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचं बंधन आहे, आणि तशी ओळ बिलावर छापलेली असली की हिशेबनीसही जरा लवकर हलतो.

मुंबई-पुण्याला कधीच जाऊ नको, असं माझं म्हणणं नाही. भुसावळहून रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबईत. काम दाखवायला जा, प्रदर्शनं पाहायला जा, एखाद्या जाहिरात-फोटोग्राफरकडे काही महिने असिस्टंट म्हणून राहून लाइटिंग शीक. पुढे शिकावंसं वाटलं तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण आहे. अशा प्रवेशांना पोर्टफोलिओ लागतो, आणि केळीचं वर्ष पुरं झालेलं असेल तर तुझा पोर्टफोलिओ इतरांसारखा नसेल. रिकाम्या हाताने पुण्याच्या खोलीचं भाडं भरत बसलीस, तर पहिल्या दोन महिन्यांत मिळेल ती ऑर्डर घ्यावी लागेल आणि स्वतःचं काम मागे पडेल. त्याचीच मला काळजी वाटते.

राहिले वडील. त्यांना शब्दांनी पटवू नकोस, ते पीक विम्याच्या आणि भावाच्या आकड्यांत आयुष्य काढलेले गृहस्थ आहेत. त्यांच्यासमोर एक वर्षाचा हिशेब ठेव : सध्या कॅमेऱ्यावर गेले किती, सराफ आणि लग्नाच्या दिवसांतून आले किती, पुढच्या सहा महिन्यांत किती ऑर्डर बोलून ठेवल्यात. आकडा लहान असला तरी खरा ठेव. ठरवलेली रक्कम वर्षाअखेर आली नाही तर पुढचं वर्ष नोकरी सांभाळून फोटोग्राफी करशील, हेही आधीच सांगून टाक, त्याने त्यांचा धीर वाढेल. आणि येत्या कापणीला पहाटे त्यांच्याबरोबरच बागेत जा. कोणत्या रांगेतला घड आधी उतरवायचा आणि का, हे विचारत विचारत फोटो काढ. तुझ्या मजकुरात ती माहिती लागणारच आहे.

तुझी,
सदरलेखिका